बोटीवरची संततधार

दिवाळी अंकाच्या संपादकांनी मला पंपांविषयी लिहायला सांगितलं होतं. पिंपरीच्या एका कारखान्यात मी सगळी नोकरी पंपांमध्ये काढली, तेव्हा त्यांची अपेक्षा चुकीची नव्हती. पण पंपाविषयी सांगण्यासारखं एवढंच असतं की तो खालचं पाणी वर नेतो, आणि नेईनासा झाला की गिऱ्हाईक शिव्या देतं. त्यापलीकडचं वाचून कोणाला फराळ गोड लागणार नाही. म्हणून मी नोकरीच्या पहिल्या वर्षाविषयी लिहितो. त्या वर्षी पंपांशी माझा संबंध आलाच नाही. माझ्या ताब्यात एक लाकडी मोटरबोट होती.

समुद्रापासून एवढ्या दूर, घाटाच्या वर, जिथे उन्हाळ्यात नदीत बसलेल्या म्हशींची पाठसुद्धा भिजत नाही, तिथे बोट कशी आली हे आधी सांगायला हवं. आमचे शेठ मुंबईला एका सरकारी लिलावात लेथ घ्यायला गेले होते. लेथ दुसऱ्याने नेला. रिकाम्या हाताने परतणं शेठच्या स्वभावात नव्हतं, म्हणून त्यांनी पुढच्या बोलीला हात वर केला, आणि ती पुढची बोली बोटीची होती.

बोट खानदानी होती. लढाईच्या आधी एका संस्थानिकाने ती आपल्या तळ्यात फिरण्यासाठी मुंबईत खास बांधून घेतली होती. रंगूनचा साग, पितळी कठडे, आत मखमली बैठक. लांबीला म्हणाल तर दोन बैलगाड्या बैलांसकट एकापुढे एक उभ्या केल्या तर होईल एवढी. पहिल्याच फेरीत महाराजांना तळ्यातल्या तळ्यात मळमळलं, आणि त्यांनी पुन्हा तिच्यावर पाय ठेवला नाही. लढाई सुरू झाल्यावर सरकारने ती मागून घेतली, सागावर करडा रंग फासला आणि मुंबई बंदरात अधिकाऱ्यांची ने-आण करायला लावली. लढाई संपली, अधिकारी गेले, बोट राहिली.

ट्रकवर आडवी पडून ती बोरघाट चढली. जकातनाक्यावरच्या कारकुनाने तिच्याभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "हे वाहन का?"

ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, वाहन असतं तर माझ्या डोक्यावर बसून आलं असतं का?"

मग तिला फर्निचरमध्ये घातलं.

माझी नेमणूक कशी झाली तेही असंच. मी करमाळ्याचा. वडील अडतीच्या दुकानात मापाडी होते. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, त्यामुळे बी.एस्सी. झालो तेव्हा आमच्या गल्लीने माझा सत्कार केला. वडिलांनी सगळ्यांना सांगितलं, "आता हा साहेब होणार." वनस्पतिशास्त्र शिकलेल्या माणसाचा नेमका कोणता साहेब होतो, हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि मलाही नव्हतं. बरेच महिने अर्ज करून झाल्यावर या कारखान्यातून बोलावणं आलं.

शेठनी माझं प्रमाणपत्र उलटसुलट पाहिलं. "ढवळे, बॉटनी म्हणजे झाडं ना?"

"हो, शेठ."

"लाकूड कशाचं असतं?"

"झाडाचं."

"मग झालं तर. आमच्याकडे एक यॉट आहे. सबंध लाकडाची. ती तुमच्या खात्यात."

मला नोकरी हवी होती. मी हो म्हणालो. आजही मी त्या माणसाचा ऋणी आहे. माझ्या विषयाला कुठेतरी उपयोग आहे असं वाटणारा तो मला भेटलेला पहिला माणूस.

नोकरी मात्र तात्पुरती होती, आणि कायम होण्याची अट शेठनी पहिल्याच दिवशी सांगून टाकली. पुढच्या दसऱ्यानंतर जर्मनीहून एक पाहुणे यायचे होते. त्यांच्याकडून यंत्रं घेण्याची बोलणी चालली होती आणि शेठनी त्यांना पत्रात आपल्या यॉटवर जेवणाचं आमंत्रण देऊन ठेवलं होतं. "त्या दिवशी बोट कोरडी तरंगली तर तुम्ही कायम," शेठ म्हणाले. "आत पाणी आलं तर... तुम्हाला पोहता येतं ना?"

बोटीचा खरा जाणकार होता मालवणचा धाकू मेस्त्री. शेठनी त्याला बोटीबरोबरच आणलं होतं. बुटका, तापट, आणि घाटावरच्या सगळ्या माणसांविषयी मनातून निराश. पहिल्या दिवशी त्याने मला बोटीच्या पोटात नेलं आणि फळीवर थाप मारली.

"ह्या काय कपाट नाय हां. ह्या जितां लाकूड. तू हिका सुकी ठेवलंस, तर ही तुका सुको ठेवची नाय. समाजलंय?"

मला समजलं नव्हतं, म्हणून वाचकांनाही समजावून सांगतो. लाकडी बोटीच्या फळ्या एकीला एक चिकटवलेल्या नसतात. दोन फळ्यांमध्ये बारीक फट ठेवतात, त्या फटीत कापसाची वात ठोकून बसवतात आणि वरून लुकण, म्हणजे तेलातली पुट्टी, भरतात. बोट पाण्यात उतरली की लाकूड पाणी पितं आणि फुगतं, फळ्या एकमेकींना घट्ट दाबतात, मधला कापूस आवळला जातो, आणि मग आत थेंब येत नाही. म्हणजे बोट पाण्याने भिजते म्हणूनच आतून कोरडी राहते. पण तीच बोट उन्हात पडली, की फळ्या आक्रसतात, कापूस सुटतो, लुकणाच्या पापड्या पडतात. फार सुकली तर फळ्या तडकतात आणि मग मेस्त्रीच्या हातीही काही उरत नाही.

हिवाळाभर ती थेरगावच्या अंगाला पवना नदीच्या डोहात सुखाने तरंगत होती. मी चिंचेने पितळ घासायचो, आतल्या सागाला व्हार्निश द्यायचो आणि वडिलांना पत्रात 'माझं काम ठीक चाललं आहे' एवढंच लिहायचो. होळीनंतर डोह आटू लागला. तळाचे खडक लागायच्या आत बोट बाहेर काढणं भाग होतं. ओंडके अंथरून, बैलजोड्या लावून आम्ही ती काठावर ओढली, वर पाचटाचा मांडव घातला. मेस्त्रीने गोणपाटं शिवून तिच्या अंगावर पांघरली.

"पावस पडासर गोणपाट ओला रव्हाक व्हया," त्याने बजावलं. "रात-दिस." आणि तो आंबे खायला मालवणला निघून गेला.

शेजारी कारखान्याची विहीर आणि पंप होता. मी नळी लावून सकाळ-संध्याकाळ गोणपाटं भिजवू लागलो. चैत्र संपत आला तशा आसपासच्या गावांतल्या विहिरी तळाला गेल्या. एका सकाळी नळी हातात धरून मी उभा होतो, तेव्हा काठावर रहाटणीची तान्हूबाई येऊन थांबली. ती पिंपरी स्टेशनाबाहेर भाजी विकायची, आणि तिच्याशी भाव करण्याची हिंमत स्टेशनमास्तरलाही होत नसे. तिच्या कमरेवर रिकामी घागर होती.

"काय वं सायब, काय करताय?"

"बोटीला पाणी देतोय, मावशी."

"लाकडाला?"

"हो."

"आन उगवंल का त्ये?"

मी तिला फळ्या, फटी, कापूस हे सगळं सांगायला सुरुवात केली. तिने मध्येच थांबवलं. "आमची म्हस दोन दिस झालं जीभ बाहेर काढून बसलीया. तिला हितं आनून बांधते. तिच्या पाठीवर गोनपाट टाका आन तुमची बोट हाय आसं समजा."

दुपारपर्यंत वीसएक बायका घागरी घेऊन कारखान्याच्या फाटकाशी बसल्या. पाण्याचे पंप बनवणाऱ्या कारखान्याच्या दारात पाण्यासाठी बायका बसलेल्या शोभत नाहीत, हे मॅनेजरसाहेबांच्या लगेच ध्यानात आलं. त्यांनी विहीर गावाला खुली केली आणि मला सांगितलं, "बोटीला आता थेंब मिळणार नाही. पिण्याच्या हंड्यातून काय वाचेल ते घाला."

बायकांचं बरोबरच होतं आणि मॅनेजरसाहेबांचंही. फक्त माझं कठीण झालं होतं. आठवडा गेला नाही तोच गोणपाटं पापडासारखी वाजू लागली. एका बाजूचं गोणपाट वर सारून बोटीच्या आत उभं राहून पाहिलं तर बंद फळ्यांतून मला डोहापलीकडची बाभळ दिसली. पहिल्या दिवशी नुसती बाभळ दिसली, पुढे तिच्यावरचे बगळेही दिसू लागले. करमाळ्याला परत जाऊन गल्लीत काय तोंड दाखवायचं, याचा मी विचार करू लागलो.

त्या काळजीत संध्याकाळी नदीकाठच्या महादेवाच्या देवळात जाऊन बसलो. वैशाख लागला होता. पिंडीवर तिवईत पाण्याचं भांडं टांगलं होतं. त्याच्या बुडाला बारीक भोक, भोकात दर्भाची काडी, आणि काडीवरून थेंब थेंब पाणी पिंडीवर पडत होतं. उन्हाळ्यात देवाला गारवा म्हणून ही संततधार धरतात, हे मी लहानपणापासून पाहत आलो होतो. पण त्या संध्याकाळी मी प्रथमच तिच्याकडे बोटीच्या नजरेने पाहिलं. एका हंड्यात देव दिवसभर ओला राहत होता.

मी गुरवांना विचारलं, "अशी मडकी बोटीवर टांगता येतील का?"

शंकरराव गुरव शांत माणूस. त्यांनी कशासाठी म्हणून विचारलं नाही. "मडक्याला भोक पाडणं सोपं आहे," ते म्हणाले. "काडी बसवणं हाताचं काम आहे. सैल बसली तर मडकं तासात रितं, घट्ट बसली तर धार तुटते. मी येतो."

दुसऱ्या दिवशी कुंभाराकडून मडकी आणली. मांडवाच्या आढ्याला ओळीने टांगली. गुरवांनी एकेकात काडी बसवली, पाणी भरलं, थेंब गोणपाटावर नीट पडतो का पाहिलं. प्रत्येक मडकं लावून झालं की जन्माच्या सवयीने त्यांचा हात झोळीत जाई, आणि खाली गोणपाटावर ते एक बेलाचं पान ठेवत. मी पाहत होतो. पण फुकट काम करणाऱ्या माणसाला पान ठेवू नका असं कसं म्हणायचं?

सकाळी मी गेलो तेव्हा बोटीच्या नाकावर हळद-कुंकू होतं.

थोड्या वेळाने तान्हूबाई आली. आज तिची घागर भरलेली होती. मी भीतीने एक पाऊल मागे सरलो. तिने चपला मांडवाबाहेर काढल्या, घागर पहिल्या मडक्यात रिती केली, पदर सावरून हात जोडले आणि मला म्हणाली, "आदी सांगायचं न्हाई व्हय सायब, संततधार धरलीया म्हून? आमी उगंच भांडलो."

"मावशी, ही देवाची नाही. हे लाकूड आहे."

"पिंड तरी कशाची आसती? दगडाचीच ना?"

मी खोटं बोलू शकत नव्हतो. पाणी घालायला आणखी बायका आल्या, तेव्हा मी एका ओंडक्यावर उभा राहिलो आणि त्यांना सगळं शास्त्र सांगितलं. लाकूड हे मेलेल्या पेशींचं असतं, त्या पेशी पाणी शोषतात, शोषल्या की फुगतात, फुगल्या की फटी बुजतात. यात दैवी काही नाही. बी.एस्सी.च्या तोंडी परीक्षेतही मी इतकं सुरेख बोललो नव्हतो. बायकांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग तान्हूबाईने मागच्यांना थोडक्यात सांगितलं, "सायब म्हंत्यात, झाड मेलं तरी तिची तहान गेली न्हाई. पानी पिती आन आपल्या जखमा आपून बुजीवती."

सगळ्यांनी हात जोडले. शास्त्राच्या दृष्टीने तिच्या बोलण्यात चूक काढायला मला जागा सापडली नाही.

त्यानंतर पाण्याची कमतरता राहिली नाही. ज्या घरात म्हशीला पाणी पुरत नव्हतं, त्या घरातूनही बोटीसाठी तांब्या यायचा. वैशाखात पाणी घालण्याचं पुण्य मोठं, आणि महादेवाच्या देवळात गर्दी; इथे जागा ऐसपैस होती. रहाटणीच्या बायका येतात म्हटल्यावर थेरगावच्या येऊ लागल्या. मडकी ओसंडून वाहायची. मांडवाखाली चिखल झाला, त्यात कुणीतरी अळू लावलं. एकीची हरवलेली शेळी सापडली, ती बोटीला नारळ घेऊन आली. एकीचा मुलगा कारखान्यात लागला, आणि मग नारळांना सुमारच राहिला नाही. नारळ फोडायचं काम माझ्याकडे आलं. खाणावळीत मी रोज खोबरं न्यायचो. महिनाभर माझ्याबरोबर सगळ्या खाणावळीने खोबऱ्याची चटणी खाल्ली. पुढे मला दारात पाहिलं की मालक तोंड फिरवू लागला.

आणि बाभळ दिसेनाशी झाली. आधी बगळे गेले, मग फांद्या, मग उजेडाची एक बारीक रेघ उरली, तीही मिटली. मी बोटीच्या पोटात अंधारात उभा राहून फळ्यांवरून हात फिरवला. सगळ्या गार आणि घट्ट होत्या. मला जो आनंद झाला तो सांगण्यासारखा होता, पण सांगायला तिथे कुणी नव्हतं.

ज्येष्ठाच्या शेवटी धाकू मेस्त्री परतला तो मासळीच्या तेलाचा डबा घेऊन. बोटीच्या बुडाला हे तेल चोपडलं की लाकडाला कीड लागत नाही. डब्याचं झाकण उघडल्याबरोबर तान्हूबाई नाकाला पदर लावून उभी राहिली.

"ह्ये काय घान आनलंय?"

"तेल. बुडाक लावचा आसा."

"मासळीचं? देवीला?"

मेस्त्रीने चमकून माझ्याकडे पाहिलं. "देवी? मी फक्त आंब्याक गेल्लंय आनि तू हिची देवी केलंस?"

"मी नाही केली," मी म्हणालो.

मेस्त्री तिच्याकडे वळला. "बाये, आमच्या गावच्या देवीक कोंबो लागता. तुमच्या देवीक वाईच तेल चालना नाय?"

"तुमची तिकडं काय बी खाईल. ही हितली हाय."

"ही मुंबैक जल्माक इली. मी हिका तुझ्याआधी वळखतंय."

भांडण वाढू लागलं तसं मी गुरवांना बोलावून आणलं. त्यांनी दोन्ही बाजू ऐकल्या, बोटीला एक चक्कर मारली आणि निकाल दिला, "पाण्याखाली जो भाग जातो तेवढ्यालाच लावा. बुधवारी लावा. आणि श्रावणाच्या आत उरका." तो तिघांनाही मानवला. आषाढातल्या एका बुधवारी बोटीला तेल लागलं, आणि तान्हूबाई त्या दिवशी मुद्दाम तिकडे फिरकली नाही.

पावसाळ्याचा पूर ओसरला, नदी निवळली, आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, जर्मन पाहुण्यांच्या जेवणाच्याच दिवशी, बोट पाण्यात सोडायची ठरली. शेठना मी सगळं आधी सांगायला हवं होतं असं वाचकांना वाटेल. मी दोनदा गेलो होतो. दोन्ही वेळा ते म्हणाले, "ढवळे, तपशील नको. तरंगेल का तेवढं सांगा."

त्या दिवशी काठावर दोन्ही गावं लोटली. बोटीला झेंडूची माळ होती. बैलांनी ओढलं, ओंडके फिरले, आणि ती पाण्यात सरकली. मेस्त्रीने काठावरून चढायला फळी टाकली आणि मी कंदील घेऊन थेट तिच्या पोटात उतरलो. लोक वर काय करताहेत हे बघायला मला सवड नव्हती. गुडघ्यांवर रांगत मी एकेक जोड हाताने चाचपत होतो. पाणी आलं तर याच घटकेला येणार होतं. वरून शेठच्या गाडीचा भोंगा ऐकू आला, मग बरीच बोलाचाली, मग डोक्यावरच्या फळ्यांवर पुष्कळशा अनवाणी पायांची दबदब. बोट थोडी खाली बसली. मी पुन्हा पहिल्या जोडापासून चाचपायला लागलो. शेवटी एका कोपऱ्यात हाताला ओल लागली. चाखून पाहिली तर नारळाचं पाणी होतं. वरून झिरपलं होतं.

मी वर आलो. सगळी बोट बायकांनी भरली होती. मखमली बैठकीवर, कठड्याला, इंजिनाच्या झाकणावर, जिथे जागा तिथे. मधोमध जर्मन पाहुणा बसला होता. उंच, गुलाबी, पायांत मोजेसुद्धा नाहीत, कपाळावर कुंकू आणि हातात अर्धा नारळ. तो अगदी खूश दिसत होता.

शेठ काठावर होते. त्यांच्या शेजारी जेवणाची टोपली होती. दारूबंदीच्या त्या दिवसांत प्रकृतीच्या परवान्यावर आणलेली बाटली तिच्यातून मान काढून पाहत होती. फळीच्या तोंडाशी तान्हूबाई ठाण मांडून बसली होती. मी फळीवरून खाली उतरलो.

"ढवळे," शेठ हळू आवाजात म्हणाले, "आत पाणी?"

"थेंब नाही, शेठ. ठणठणीत कोरडी आहे."

त्यांनी मोठा सुस्कारा सोडला. "शाबास. तुम्ही कायम झालात. आता या बाईंना विचारा, मला वर का जाऊ देत नाहीत. मी बूट काढले, मोजे काढले. टोपली बाहेर ठेवतो म्हणालो."

मी तान्हूबाईकडे गेलो. "मावशी, हे शेठ आहेत. बोट यांचीच आहे."

"ठावं हाय."

"मग त्यांना बसू द्या ना."

तिने शेठकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "वैशाखात पानी घातलं व्हतं का त्येंनी?"

मी शेठकडे पाहिलं. शेठनी माझ्याकडे पाहिलं.

"नाही," मी म्हणालो.

"हितं बसलेल्या समद्यांनी घातलंय. रोजच्या रोज."

"आणि त्या पाहुण्याने?"

"त्यो पाव्हना हाय. पाव्हन्याला कोन इचारतं? धन्याला इचारायचं आसतं." तिने मेस्त्रीला हात केला. "चला वो, सोडा."

इंजिन सुरू झालं. बोट डोहाच्या मध्यावर गेली. पाहुण्याने शेठना हात हलवून दाखवला, शेठनीही हलवला. मग ते अनवाणीच खडकावर टेकले, टोपली माझ्याकडे सरकवली आणि म्हणाले, "खा ढवळे. कायम झालात."

पुढे त्यांना फेरी मिळाली, पण ती दिवस मावळायच्या सुमाराला, बायकांच्या सगळ्या फेऱ्या झाल्यावर आणि बाटली गाडीत ठेवून. यंत्रांचा करार झाला की नाही, कशामुळे झाला, हे माझ्यासारख्या नवख्याला कुणी सांगितलं नाही. मला पंपांच्या खात्यात घेतलं. बोटीचं काम मात्र मी आवडीने, नोकरी सांभाळून करत राहिलो.

पुढच्या वर्षी नदी आटली, बोट काठावर आली, मडकी टांगली गेली. वैशाखातल्या पहिल्या सोमवारी शेठची गाडी मांडवापाशी थांबली. ते उतरले, बूट गाडीतच काढून ठेवले आणि मागच्या सीटवरून दोन्ही हातांनी सांभाळत एक भरलेली कळशी बाहेर घेतली. निम्मं पाणी रस्त्यात हिंदकळून त्यांच्या धोतरावर सांडलं होतं. बायकांनी वाट दिली.

"कुठल्या मडक्यात घालू?" त्यांनी विचारलं.

मी त्यांना मागच्या टोकाचं मडकं दाखवलं. तिथे दुपारचं ऊन येतं, आणि बोट तिथूनच सगळ्यात आधी सुकते.